बेथेल नगरी

(ज्युबिली महोत्सवांत जाफराबाद येथें केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आजच्या सायंसभेसाठीं आम्हांस "शास्त्रांतील पवित्र नगरी" हा विषय दिला आहे. पवित्र नगरी म्हटलें कीं आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढें यरुशलेम उभें राहतें. समितीच्याहि मनांत तेंच असावें. कारण मंडपाच्या दाराशीं यरुशलेमचें मोठें चित्र लावलेलें आम्हीं येतांना पाहिलें. चित्र सुरेख आहे. परंतु आम्ही आज यरुशलेमविषयीं बोलणार नाहीं. त्या नगरीची महती गाणारे पुष्कळ आहेत. तिच्या उत्तरेस अवघ्या बारा मैलांवर जी दुसरी एक पवित्र नगरी होती, तिची आठवण काढणारे थोडे. तिचें नांव बेथेल. इब्री भाषेंत 'बेथ' म्हणजे घर आणि 'एल' म्हणजे देव. बेथेल म्हणजे देवाचें घर.

हा विषय निवडण्यास एक कारणहि घडलें आहे, तें प्रथम सांगून टाकतों. दप्तराप्रमाणें आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा दिवस कार्तिकांत येत होता. आम्हीं तो वैशाखांत आणला. तें पुष्कळांस रुचलें नाहीं. वैशाखाचें ऊन, टँकरचें पाणी, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांची गैरसोय, हीं सर्व कारणें आमच्या कानांवर आलीं, आणि तीं खोटीं नव्हतीं. एका सुविद्य गृहस्थांनीं तर शास्त्राचाच आधार घेऊन आम्हांस विचारलें, "फादर, सणाचा महिना आपल्या मनानें बदलणारा राजा बेथेलचा यराबाम. त्याचें पुढें काय झालें, तें आपणांस ठाऊक आहे ना?" प्रश्न मार्मिक होता. त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही हंसून वेळ मारून नेली. आज तें उत्तर देण्याचा विचार आहे; परंतु त्यासाठीं आपणां सर्वांस आमच्याबरोबर बेथेलपर्यंत जाऊन यावें लागेल.

यरुशलेमहून उत्तरेस शोमरोनाकडे जाणारी जुनी वाट डोंगराच्या कण्यावरून जाते. त्या वाटेच्या लगत, रामल्ला शहराच्या ईशान्येस, बेतीन नांवाचें एक पॅलेस्टिनी खेडें आहे. १८३८ सालीं एडवर्ड रॉबिन्सन नांवाचे अमेरिकन पंडित त्या मुलखांतून फिरत असतां त्यांनीं खेडुतांच्या तोंडचें हें नांव ऐकलें आणि ताडलें कीं, बेथेलचेंच हें बदललेलें रूप आहे. चौथ्या शतकांतील बिशप युसेबियस यांनीं बेथेल यरुशलेमपासून बाराव्या मैलाच्या दगडाशीं असल्याचें लिहून ठेविलें होतें, अंतरहि जुळलें. पुढें १९३४ सालीं विल्यम ऑल्ब्राइट यांनीं आणि १९५४ ते १९६० च्या दरम्यान जेम्स केल्सो यांनीं तेथें उत्खनन केलें. जुने तट सांपडले, घरांच्या भिंती सांपडल्या, आणि एके काळीं सारें नगर जळून गेल्याची साक्ष देणारा राखेचा जाड थर सांपडला. मात्र ज्या राजमंदिराची आपण पुढें गोष्ट ऐकणार आहोंत, तें सांपडलें नाहीं. कांहीं विद्वान तर बेथेल हें बेतीन नव्हेच, तें जवळच दुसरीकडे होतें, असें म्हणतात. बहुतेकांचें मत मात्र रॉबिन्सन यांच्याच बाजूचें आहे.

त्या टेकड्यांवर चुनखडीच्या दगडांचे थरच्या थर उघडे पडलेले आहेत. खेळणा आणि पूर्णा यांच्या संगमावर राहणाऱ्या आपणां लोकांस काळ्या दगडाची सवय. तेथील दगड फिकट. परंतु भाकरीस पुरेल इतकी जमीन थोडी आणि पायांस लागतील इतके दगड फार, या एका गोष्टींत त्या मुलखाचें आणि आपल्या बरड शिवारांचें नातें जुळतें.

या नगरीचें मूळ नांव लूज. अब्राहामानें तिच्या पूर्वेकडील डोंगरावर डेरा देऊन वेदी बांधली होती. तरी नगरीस तिचें नांव मिळालें तें त्याच्या नातवापासून, याकोबापासून; आणि तेंहि कसें, तें पाहण्यासारखें आहे. याकोब या वाटेनें आला तो कांहीं तीर्थयात्रेस निघालेला नव्हता. वडील इसहाक आंधळे झालेले; त्यांचा आशीर्वाद त्यानें आईच्या मसलतीनें, कपटानें मिळविलेला; थोरला भाऊ एसाव जिवावर उठलेला. आई रिबका त्यास म्हणाली कीं, हारानास मामाकडे जा. भावाचा राग निवला म्हणजे तुला बोलावून घेईन. तें बोलावणें कधीं आल्याचें शास्त्रांत नाहीं. बैर-शेब्याहून हारान सुमारें पांचशें मैल, आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागांत. हातांत काठीशिवाय कांहीं नाहीं. लूजजवळ आला तों सूर्य मावळला, म्हणून तो थांबला. जागा पवित्र म्हणून नव्हे, अंधार पडला म्हणून. नगर जवळ होतें; परंतु तो त्याच्या वेशींत शिरलेला दिसत नाहीं. त्यानें तेथलाच एक दगड उशाशीं घेतला आणि तो उघड्यावर निजला.

त्या रात्रींचें स्वप्न आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. पृथ्वीवर टेकलेली आणि स्वर्गास भिडलेली शिडी, तिच्यावरून चढणारे आणि उतरणारे देवदूत. येथें शास्त्रकर्त्यानें शब्दांचा जो क्रम ठेविला आहे, त्याकडे जुन्या भाष्यकारांनीं लक्ष वेधलें आहे. देवदूत आधीं चढतात, मग उतरतात. स्वर्गांतले असते तर आधीं उतरले असते! आम्हांस यांतून असें वाटतें कीं, ते पहिल्यापासूनच खालीं होते, त्या निजलेल्या माणसाजवळ. त्याला तें ठाऊक नव्हतें, इतकेंच. सकाळीं उठून याकोब नेमकें हेंच बोलला, आणि तो भ्याला. मग त्यानें उशाचा दगड उभा केला, त्यावर तेल ओतलें आणि त्या स्थळास बेथेल हें नांव दिलें. ख्रिस्तमंदिराच्या समर्पणाच्या जुन्या लॅटिन मिस्साचा प्रारंभ याकोबाच्या त्या सकाळच्या उद्गारानेंच होतो. आणि बिशपमहाराज नव्या वेदीच्या दगडास पवित्र तेल लावतात, तेव्हां याकोबाचें स्मरण होतें. म्हणजे जगांतील हरएक कॅथोलिक मंदिर, रोमचें असो वा आपलें हें पत्र्याच्या छपराचें असो, एका पळून चाललेल्या माणसाच्या उघड्यावरील मुक्कामाशीं आपलें नातें सांगत असतें.

त्यानंतर याकोबानें नवस केला. त्यानें मागितलें काय? खावयास भाकरी, नेसावयास वस्त्र, आणि बापाच्या घरीं सुखरूप परत येणें. एवढेंच. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडींत भांडींकुंडीं रचून, लेकरांस वर बसवून, ऊंसतोडीस निघालेला आपला माणूस याहून निराळें काय मागतो?

आणि पुढची कथा तर आपल्याकडेच घडल्यासारखी आहे. हारानास मामा लाबान भेटला. त्यानें गळ्याशीं धरलें, मुका घेतला, आणि कामास लाविलें. राहेलीसाठीं सात वर्षें राब म्हणाला; सात वर्षें भरल्यावर लेआ पदरांत घातली आणि आणखी सात वर्षें मागून घेतलीं. पुढें कळपासाठीं सहा. वीस वर्षांत दहा वेळां मजुरी बदलली. दिवसां उन्हानें होरपळलों, रात्रीं थंडीनें गारठलों, डोळ्यास डोळा लागला नाहीं. जनावर फाडलें गेलें तर त्याची भरपाई माझ्याच माथीं, असें याकोबानें शेवटीं लाबानास तोंडावर सुनावलें. मुकादम आणि उचल हे दोन शब्द त्या अध्यायांत नाहींत. बाकी सर्व आहे.

हें आम्ही सेमिनरींत शिकलों होतों. समजलों मात्र पुष्कळ वर्षांनीं. एका वर्षीं नाताळानंतर आपल्या लोकांस भेटण्यासाठीं आम्ही दूरच्या एका साखर कारखान्याच्या तळावर गेलों होतों. चिपाडांच्या कोप्या, त्यांत वांकल्याशिवाय शिरतां येत नाहीं. नवराबायकोच्या जोडीस तेथें माणसें म्हणत नाहींत, एक कोयता म्हणतात. मिस्सा सायंकाळीं करावा, तर लोक फडांतून परतले नव्हते. पहाटे करावा, तर ते त्यापूर्वींच निघणार. शेवटीं रात्रीं दहा वाजतां गाडीच्या फळीवर आम्हीं पवित्र मिस्सा केला. अर्ध्यावर आलों असतां ट्रक आला, आणि भरणीसाठीं निम्मे लोक उठून गेले. आम्हांस क्षणभर राग आला, हें कबूल करतों. गेलेल्यांपैकीं एक जण घटकाभरानें मोळीचा कचरा अंगावर घेऊन परतला आणि अंधारांतच हात जोडून उभा राहिला. त्या रात्रीं आम्हीं आपल्याशीं ठरविलें कीं, आपल्या धर्मग्रामाचा मोठा सण हे लोक नसतांना करावयाचा नाहीं.

बेथेलच्या मधल्या काळावरून आम्ही भरभर जातों. इस्राएल लोकांनीं ती नगरी घेतली. कांहीं काळ कराराचा कोश तेथें होता, आणि आपसांतील लढाईंत हार खाल्ल्यावर लोक तेथें देवापुढें बसून संध्याकाळपर्यंत रडले. शमुवेल संदेष्टा न्यायनिवाडा करण्यासाठीं दर वर्षीं फेरी करीत असे, त्या फेरींत बेथेल होती. एकूण ती साध्या लोकांची जागा होती.

ती राजाची झाली यराबामाच्या हातून. हा यराबाम कोण? राजा होण्यापूर्वीं तो शलमोनाच्या वेठीच्या कामांत योसेफाच्या घराण्यांतील मजुरांवर नेमलेला अधिकारी होता. म्हणजे लोकांच्या पाठीवर किती ओझें देतां येतें, याचा अनुभवी. शलमोनाच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ९३० च्या सुमारास, राज्य फुटलें. दहा वंश यराबामाकडे आले. त्यानें मनाशीं हिशेब केला कीं, हे लोक सणास यरुशलेमला जात राहिले तर एक दिवस त्यांचें मनहि तिकडेच जाईल. म्हणून त्यानें सोन्याचीं दोन वांसरें केलीं; एक उत्तरेच्या टोकास दान येथें ठेविलें, दुसरें दक्षिणेच्या सीमेजवळ बेथेल येथें. लोकांस त्यानें सांगितलें काय, तर यरुशलेमचा प्रवास तुम्हांस फार कष्टाचा होतो! लोकांच्या कष्टांचा कळवळा हा राजकारणाचा फार जुना वेष आहे. आणि सातव्या महिन्यांतील सण त्यानें आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशीं नेला. आमच्या मित्रांचा आक्षेप याच ओळीवर आधारलेला आहे. त्याकडे परत येऊं.

दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला. बेथेल भरभराटीस आली. तेथें गाणीं, वाद्यें, दशमांश, सणांची दाटी, कशाचीहि उणीव नव्हती. इ. स. पू. ७६० च्या सुमारास तेथें एक माणूस आला. दक्षिणेकडील तकोवा गांवचा, मेंढरें राखणारा, आणि उंबराच्या जातीच्या झाडांचीं फळें सुधारणारा; नांव आमोस. तो संदेष्ट्यांच्या घराण्यांतला नव्हता, आणि तसें त्यानें स्वतः सांगितलें. तो उभा राहिला आणि म्हणाला कीं, जोड्याच्या मोलानें गरिबाला विकणाऱ्या लोकांचीं गाणीं देवाला नकोत. बेथेलला येऊं नका, कारण बेथेल शून्य होणार आहे. न्याय पाण्याच्या लोंढ्यासारखा वाहूं द्या. त्याच सुमाराचा होशेय संदेष्टा तर बेथेलला बेथेल म्हणावयासहि तयार नव्हता. तो तिला बेथ-आवेन म्हणे, म्हणजे अनीतीचें घर.

आमोसाची गोष्ट सांगतांना आम्ही उपदेशक नेहमी आमोसाच्या शेजारीं उभे राहतों. तें सोपें असतें. परंतु बेथेलचा धर्मगुरु आमोस नव्हता. त्याचें नांव अमस्या. त्यानें राजाकडे निरोप धाडला कीं, या माणसाचे शब्द देशास सोसवत नाहींत. आणि आमोसास म्हणाला कीं, आपल्या मुलखांत जा, तिकडे भाकरी खा, येथें बोलूं नकोस, हें राजाचें मंदिर आहे. अमस्या हा दुष्ट राक्षस नव्हता. मंदिराची व्यवस्था नीट चालावी, देणगीदार दुखावूं नयेत, सणांत विघ्न येऊं नये, एवढीच त्याची काळजी असावी. ही काळजी आम्हांस चांगली परिचयाची आहे.

कशी, तें सांगतों. या महोत्सवासाठीं मंदिराच्या दाराशीं दगडी कमान उभारावी, असें ठरलें होतें. तिच्यासाठीं एक मोठी रक्कम एकाच नांवानें आली. आम्हीं आनंदानें पावती फाडली, आणि रविवारीं वेदीवरून आभारहि मानले. मिस्सा संपल्यावर एक वृद्धा आमच्याकडे आली आणि विचारूं लागली, "फादर, माझ्या लेकाच्या कोयत्यामागें पैसे कापले, त्याची पावती कोणाच्या नांवानें फाडली?" चौकशी केली तेव्हां कळलें कीं, टोळीतील प्रत्येक कोयत्याच्या उचलींतून ज्युबिलीची म्हणून वर्गणी कापली गेली होती, मजुरांस विचारलें नव्हतें. देणाऱ्याचा हेतु वाईट होता, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास वाटलें, मंदिराचेंच काम आहे. आम्हांसहि आठ दिवस वाटत राहिलें कीं, आतां काय उकरून काढावयाचें, पैसे तर देवाच्याच घरीं आले. नवव्या दिवशीं अमस्या आठवला. ती रक्कम आम्हीं त्या गृहस्थांच्या समक्ष ज्याची त्यास परत केली. आणि त्यांनीं त्यास हरकत घेतली नाहीं, हें त्यांच्या चांगुलपणाचें समजावें. मंदिराच्या दाराशीं कमान कां नाहीं, असें आज सकाळपासून पुष्कळ पाहुण्यांनीं विचारलें. त्याचें कारण हें.

बेथेलचा शेवट थोडक्यांत सांगतां येईल. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी फौजांनीं उत्तरेचें राज्य बुडविलें. शंभर वर्षांनीं यहूदाचा राजा योशिया यानें बेथेलची वेदी फोडून तिचा चुरा केला आणि तिच्यावर हाडें जाळून ती कायमची विटाळली. बाबेलच्या बंदिवासांतून परत आलेल्यांची जी यादी एज्रानें दिली आहे, तींत बेथेल आणि आय या दोन गांवांचीं मिळून २२३ माणसें आहेत. मक्काबींच्या काळांत ग्रीक सेनापति बख्खीद यानें तेथें तटबंदी केली, इ. स. ६९ मध्यें रोमन सेनापति वेस्पासियन यानें तें गांव घेतलें. पुढील शतकांत ख्रिस्ती लोकांनीं त्या परिसरांत मंदिर बांधलें, त्याचे पडके अवशेष आहेत. नव्या करारांत बेथेलचें नांव नाहीं. तिचें स्वप्न मात्र आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत प्रभु येशू नथनेलास सांगतो कीं, स्वर्ग उघडलेला आणि देवदूत मनुष्याच्या पुत्रावर चढतांना-उतरतांना तुम्ही पाहाल. शिडी आतां कोणत्या टेकडीवर राहिली नाहीं. ती त्या पुत्राच्या ठायीं आहे, आणि तो जेथें जाईल तेथें ती जाते.

गेली कीं नाहीं, तें पाहावयास आपणांस फार लांब जावें लागत नाहीं. आपल्या याच जिल्ह्यांत, जालना शहराजवळ, बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत गेल्याच्या आधींच्या शतकांत वसली. ती वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि. ते आपल्या कॅथोलिक मंडळीचे नव्हते, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते. हें सांगण्यांत आम्हांस संकोच नाहीं आणि त्यांचें ऋण मानण्यांतहि नाहीं. ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या या गृहस्थांनीं १८४३ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यास न्यायालयानें आईबापांच्या स्वाधीन केलें, आणि त्यास जातींत परत घ्यावें म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं खटपट करून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. तें प्रकरण महाराष्ट्राच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १८६० नंतर नारायणरावांनीं जालन्यास कार्य मांडलें. जालना तेव्हां निजामाच्या मुलखांत होतें आणि तेथें इंग्रजी फौजेची छावणी होती. त्यांच्याकडे आले ते बहुतेक मांग समाजाचे लोक. गांवकुसाबाहेर राहणारे, देवळाची पायरी न चढूं दिलेले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनीं जमीन दिली, आणि तिच्यावर या लोकांचें गांव उभें राहिलें. शहाण्या ब्राह्मणास शास्त्रांतील पांचपन्नास नांवें ठाऊक असतील. सियोन होतें, कर्मेल होतें, यरुशलेम होतेंच. त्यांनीं निवडलें बेथेल. वेशीबाहेर निजलेल्या माणसाच्या उशाचा दगड ज्या नांवांत आहे, तें नांव. त्यांनीं तें काय विचारानें निवडलें, हें सांगणें आमच्या हातीं नाहीं. परंतु ज्यांच्या पूर्वजांस या आपल्या जाफराबादच्या तटाच्या आंत राहण्यास जागा नव्हती, त्यांना तें नांव समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

ओघांत आलें म्हणून सांगतों: याच स्कॉटलंडांत एक शिळा आहे, जिच्यावर तेथील राजांचा अभिषेक होत असे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनें १२९६ सालीं ती लुटून लंडनला नेली. सातशें वर्षांनीं, १९९६ सालीं, ती परत गेली. ही याकोबाच्या उशाचीच शिळा, अशी तेथील दंतकथा. भूगर्भशास्त्रज्ञांनीं तपासून सांगितलें कीं, तो तेथल्याच खाणींतला वाळूचा दगड आहे. आम्हांस या निकालांत वाईट वाटण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. याकोबानें तरी दगड कोठून आणला होता? तेथलाच उचलला होता.

आतां आमच्या मित्रांच्या प्रश्नाकडे येतों. यराबामानें सणाचा महिना बदलला, तें पाप ठरलें. मग फादरनें कसा बदलला? शास्त्रांतच त्याचें उत्तर आहे. गणनेच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांत कांहीं लोक मोशेकडे येऊन गाऱ्हाणें करतात कीं, आम्ही प्रेतास शिवल्यामुळें वल्हांडण सणास मुकलों. मोशे देवास विचारतो. उत्तर येतें कीं, जो शिवला असेल, किंवा जो दूरच्या प्रवासांत असेल, त्यानें दुसऱ्या महिन्यांत त्याच तिथीस तो सण पाळावा. पुढें हिज्किया राजानेंहि एका वर्षीं सर्व राष्ट्राचा वल्हांडण दुसऱ्या महिन्यांत केला; कारण पहिल्या महिन्यांत याजक पुरेसे शुद्ध झाले नव्हते आणि लोक यरुशलेमांत जमले नव्हते. तेव्हां महिना बदलणें हें पाप नव्हे. यराबामानें महिना बदलला तो लोकांनीं जाऊं नये म्हणून. मोशेनें आणि हिज्कियानें बदलला तो लोकांस येतां यावें म्हणून. आम्ही स्वतःस त्यांच्या पंक्तीस बसवीत नाहीं, परंतु अनुकरण करावयाचें तर कोणाचें, हें स्पष्ट आहे.

शिवाय ज्युबिली हा शब्दच मुळीं इब्री आहे. 'योबेल' म्हणजे एडक्याचें शिंग. पन्नासाव्या वर्षीं तें फुंकावयाचें. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत त्या वर्षाची आज्ञा आहे. त्यांत मिरवणूक नाहीं, मंडप नाहीं. त्यांत आहे तें हें कीं, प्रत्येकानें आपल्या वतनास आणि आपल्या कुळाकडे परत यावें. दप्तराप्रमाणें कार्तिकांत आम्हीं ज्युबिली केली असती, तर निम्मीं घरें कुलपांत असतीं. आणि लोक घरीं परत येण्याच्या सणास घरीं म्हातारे व लहान मुलें तेवढीं असतीं. आज मागील बांकांवर उन्हानें काळवंडलेले जे चेहरे आम्हांस दिसत आहेत, ते कार्तिकांत दिसले नसते. पाहुण्यांस उन्हाचा त्रास झाला, त्याबद्दल आम्ही त्यांची मनापासून क्षमा मागतों.

एक गोष्ट राहिली. याकोब वीस वर्षांनंतर परत आला, तेव्हां देवानें त्यास पुन्हां बेथेलला जाण्यास सांगितलें. उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायांत तो तेथें पोंहोंचतो, वेदी बांधतो, आणि लगेच एक ओळ अशी येते कीं, रिबकेची दाई दबोरा वारली. तिला बेथेलच्या पायथ्याशीं एका ओक वृक्षाखालीं पुरलें. त्या वृक्षास रडण्याचा ओक असें नांव पडलें. रिबका केव्हां वारली, हें शास्त्र सांगत नाहीं. मुलगा परत आला, तेव्हां आई भेटल्याचें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. एका म्हाताऱ्या चाकर बाईचें मरण तेवढें नांवानिशीं, जागेनिशीं लिहून ठेविलें आहे. आणि बेथेल सोडून थोडें पुढें गेल्यावर राहेल वाटेवरच बाळंत होऊन वारली, तिचीहि कबर रस्त्याच्या कडेलाच झाली.

यंदाच्या हंगामांत, आपण सर्व बाहेर असतां, आपल्या धर्मग्रामांत तिघांचें दफन झालें. दोन वृद्ध स्त्रिया आणि एक वृद्ध गृहस्थ. तिघांचींहि मुलें फडांत होतीं. एकाला वेळेवर निरोप पोंहोंचला, परंतु उचल फिटली नव्हती म्हणून निघतां आलें नाहीं. खांदा देण्यास आम्ही, आमचे प्रचारक आणि शेजारचे मुसलमान बांधव एवढेच होतों. त्या बांधवांनीं खड्डाहि खणून दिला. मातीवर आम्हीं एकेक दगड उभा करून ठेविला आहे. नांव अद्याप कोरलेलें नाहीं, कारण तें मुलांच्या समक्ष कोरावें असें आम्हांस वाटलें.

उद्यां सकाळच्या मिस्सानंतर मिरवणूक बाजारपेठेंतून जाण्यापूर्वीं प्रथम कबरस्तानांत जाईल. पाथरवटास सात वाजतां बोलाविलें आहे. त्या तीन घरच्या मंडळींनीं क्रूसाच्या मागें, सर्वांच्या पुढें चालावें. बरोबर थोडें तेल आणावें. पंगत त्यानंतर बसेल.